पंधरा दिवसांनी दाखवा

माहेरच्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. दूधवाल्याचे खाडे, सिलिंडर कधी लावला, अण्णांच्या बीपीच्या गोळ्या कधी संपणार, सगळं त्या चौकोनांत. बाळंतपणाला गेले तेव्हा मीही त्यात लिहायला लागले. बाळ किती वेळा प्यायलं, लंगोट किती ओले झाले, वजन किती भरलं. मी पतसंस्थेत कॅशियर आहे. संध्याकाळी आकडा जुळला नाही तर मला झोप लागत नाही. त्या दोन पानांचे फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहेत. आता बघताना सगळं इतकं उघड दिसतं, की स्वतःचाच राग येतो.

चिमी जन्मली तेव्हा २ किलो ९०० ग्रॅम होती. सिझेरियन झालं. चौथ्या दिवशी डोळे पिवळे दिसले, बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं कावीळ आणणारं पिवळं द्रव्य, १४.२ आलं, डोळ्यांवर पट्टी बांधून तिला दीड दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. निम्म्याहून जास्त बाळांना पहिल्या आठवड्यात कावीळ होते आणि पुढच्या आठवड्याभरात उतरते. आमच्या वॉर्डात चारपैकी तीन बाळं त्या दिव्याखाली जाऊन आली होती.

बाराव्या दिवशी बारसं झालं. पाळण्याभोवती जमलेल्या बायका म्हणत होत्या, "रंग कसा हळदीचा आहे गं पोरीचा!" फोटोत ती खरंच सोन्याच्या बाहुलीसारखी दिसते. तो फोटो आम्ही फ्रेम करून घेतला होता. आता कपाटात पालथा ठेवलाय.

सोळाव्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं. हे आमच्या तालुक्यातले जुने बालरोगतज्ज्ञ. माझ्या धाकट्या भावाला न्यूमोनिया झाला होता तेव्हा रात्री दोन वाजता पायजम्यावर दवाखान्यात आलेले. अण्णांच्या लेखी देवानंतर तेच. बिलिरुबिन १०.१. "आईच्या दुधाची कावीळ आहे. पाजणं बंद करू नका, सकाळचं कोवळं ऊन दाखवा." आम्ही रोज सातला तिला अंगणात, तुळशीकट्ट्याजवळ, उघडी करून ऊन दाखवायला लागलो.

चौतिसाव्या दिवशी परत तपासणी. या वेळी रिपोर्टवर आकड्यांच्या तीन ओळी होत्या. टोटल ९.६. डायरेक्ट ६.१. इनडायरेक्ट ३.५. दुसरी ओळ ठळक अक्षरांत छापलेली, पुढे छोटा बाण, वर तोंड केलेला. डॉक्टरांनी रिपोर्ट उजेडाकडे धरला, म्हणाले, "१४ होतं, १० झालं, आता साडेनऊ. उतरतेय की! लिव्हरला जरा सूज असेल, औषध देतो. पंधरा दिवसांनी दाखवा." बाहेर साठ-सत्तर पेशंट बसलेले. आम्ही त्यांच्या टेबलाशी फार तर चार मिनिटं होतो.

मी घरी येऊन चौकोनात लिहिलं: ९.६, उतरतेय. रोज आकडे जुळवणाऱ्या बाईनं बेरजेचाच आकडा उचलला, तिच्या खालच्या दोन रकमा बघितल्या नाहीत.

मधल्या काळात एक माळवाला येऊन गेला. आमच्याकडे कावीळ झाली की काड्यांची माळ गळ्यात घालतात. माळ जसजशी लांब होत पोटाकडे उतरते तसतशी कावीळ उतरते असं मानतात. काड्या वाळून आकसतात, दोऱ्याच्या गाठी सैल पडतात आणि माळ वाढते, कावीळ असो नसो. हे मला ठाऊक होतं. तरी मी घालू दिली. चार दिवसांत माळ चिमीच्या बेंबीपर्यंत आली आणि आईनं देवापुढे साखर ठेवली.

आम्हा मायलेकींना न्हाऊ-माखू घालायला एक मावशी यायच्या. वय साठीच्या पुढे, हात असे की बाळ पायांवर घेतलं की रडता रडता झोपायचं. अडतिसाव्या दिवशी आई देवळात गेली होती. मावशींनी चिमीचा लंगोट सोडला, तसाच धरून न्हाणीच्या दारात उजेडात आल्या आणि मला म्हणाल्या, "ताई, राग मानू नका. हिची शी अशी चुन्यागत का वो? म्या तीनशे पोरं न्हाऊ घातली आसतील. अशी न्हाई बघितली."

मी बघितलं. चुनाच. पानाच्या डबीत वाळत आलेला चुना असतो ना, पांढऱ्यात किंचित राखाडी, तसा. पहिल्या दोन आठवड्यांत फिकट पिवळी असायची, मग दह्यासारखी. रोज थोडी थोडी फिकी होत गेलेली गोष्ट रोज बघणाऱ्याला दिसत नाही. मावशींना मात्र आठवडाभर आधीच दिसली होती. त्या आईला बोलल्या होत्या आणि आईनं त्यांना गप्प केलं होतं. "ओली बाळंतीण आहे, तिला कशाला घोर लावता." हे मला नंतर कळलं. आईवर रागवायचं माझ्यात त्राण नव्हतं, आणि आता तो राग उरलाही नाही.

मावशींनी दुसरी गोष्ट दाखवली ती दोरीवरच्या लंगोटांची. धुऊन वाळत घातलेल्या पांढऱ्या लंगोटांवर पिवळे डाग होते. तान्ह्या बाळाची लघवी पाण्यासारखी असते, तिचा डाग पडत नाही. आम्ही समजत होतो माझ्या डिंकाच्या लाडवांचा, हळदीच्या दुधाचा परिणाम.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच रिक्षानं दवाखान्यात गेले. पोट ओढत होतं. सव्वा महिना व्हायचा होता, म्हणून आईनं उंबऱ्यात दोनदा अडवलं. डॉक्टरांना म्हटलं, शी पांढरी होते. ते म्हणाले, "दुधावरच्या बाळाच्या शीचा रंग बदलत असतो. वजन वाढतंय ना?" वाढत होतं, ३ किलो ६०० झालं होतं. मी विचारलं, "सर, हे डायरेक्ट म्हणजे काय?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. चिडले नाहीत. थकलेल्या माणसासारखं म्हणाले, "मोबाईलवर वाचत बसू नका. मी औषध दिलंय ना? पंधरा दिवसांनी दाखवा." त्यांनी लंगोट उघडून बघितला नाही, आणि मीही "बघा ना सर" म्हणाले नाही. पिशवीत तो लंगोट मी प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणला होता. तसाच परत नेला. लाज वाटली. टेबलावर शी कशी ठेवायची?

कंपाउंडरकडे जुन्या रिपोर्टची मूळ प्रत मागितली. "कशाला? दुसरीकडं दाखवायचंय का?" असं त्यानं सगळ्यांसमोर विचारलं. मी म्हटलं, "नाही, विम्याला पाहिजे." खोटं बोलले. आपली कागदपत्रं मागणं हा हक्क आहे, मागितल्यापासून ७२ तासांत ती द्यावी लागतात आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणंही पेशंटच्या हक्कांच्या सनदेत आहे, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी ठाऊक असतं तरी मी खोटंच बोलले असते. आपल्या गावात डॉक्टर बदलणं म्हणजे सोयरीक मोडण्यासारखं. अण्णा तर म्हणालेच, "त्यांना काय वाटेल?"

आता माझ्या चुकीबद्दल सांगते, कारण तीत तीन दिवस गेले आणि ते दिवस महाग होते.

मी नवऱ्याला फोन केला. ते चाकणला कंपनीत. ते म्हणाले, ताबडतोब दुसऱ्या डॉक्टरला दाखव. जवळच्या शहरात एक बालरोगतज्ज्ञ होते, सगळे नावाजतात. एक्केचाळिसाव्या दिवशी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी फाईल उघडली, पहिल्या पानावरचं नाव वाचलं आणि हसले. "अहो, हे तर माझे सीनियर. त्यांच्या हाताखाली शिकलोय. त्यांनी बघितलंय म्हटल्यावर..." पुढची पानं त्यांनी उलटली खरी, पण वाचली नाहीत. पोट दाबून बघितलं, म्हणाले लिव्हर हाताला लागतंय, पण ठीक आहे. औषध तेच, फक्त कंपनी वेगळी. आणि शेवटी, शपथेवर सांगते, तेच शब्द. "पंधरा दिवसांनी."

परतताना गाडीत अण्णा निवांत झाले होते. "बघ, दोघंही तेच म्हणाले." मला मात्र काहीतरी खटकत होतं आणि काय ते सांगता येत नव्हतं. आज सांगता येतं. पतसंस्थेत हिशेब तपासायला बाहेरचा ऑडिटर येतो. त्यानं आमच्याच रजिस्टरवर नजर टाकून "तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच" म्हणून सही केली, तर त्याला तपासणी म्हणत नाहीत. मी दुसरं मत मागायला गेले आणि पहिल्याच मताची झेरॉक्स घेऊन आले.

त्या रात्री माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीला फोन लागला. ती पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलात सिस्टर आहे, लहान मुलांच्या आयसीयूत. मी सगळी कहाणी सांगायला सुरुवात केली तर तिनं मधेच तोडलं. "डायरेक्ट किती आहे?"

"सहा पॉइंट एक."

ती गप्प झाली. मग म्हणाली, "शीचा फोटो पाठव. दिव्यातला नको, सकाळी उजेडात काढ. आणि ऐक, आता आणखी एका बालरोगतज्ज्ञाकडे जाऊ नकोस. लहान मुलांच्या लिव्हरचे वेगळे डॉक्टर असतात, त्यांच्याकडेच ये. आज कितवा दिवस?" मी म्हटलं, एक्केचाळिसावा. "मग गणपती बिणपती काही बघू नकोस."

तिनं ते म्हणायला कारण होतं. चार दिवसांवर चतुर्थी होती. घरात आई आरास काढत होती. सासूबाईंचा निरोप आला होता की पहिल्या गौरी आहेत, नातीला घेऊन या, पाठोपाठ जा कुठं जायचं तिकडं. सगळे प्रेमानंच बोलत होते. "आठ दिवसांनी काय बिघडतंय? बाळ हसतंय, खेळतंय, पितंय." आणि ते खरं होतं. या आजाराचा हाच तर कावा. बाळ आजारी दिसतच नाही. चिमी त्याच आठवड्यात पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली होती.

नवरा रात्रीची पाळी करून तसाच गाडी घेऊन आला. त्रेचाळिसाव्या दिवशी पहाटे चारला निघालो. अण्णा आधी येणार नव्हते. गाडी सुरू झाल्यावर स्वेटर घालून येऊन पुढे बसले, एक शब्द न बोलता. आनेवाडीचा टोल गेला, खंबाटकीच्या बोगद्यात गाडीत पिवळा उजेड आला आणि मांडीवरची चिमी त्या उजेडात अगदी निरोगी दिसली. सगळंच पिवळं होतं ना. बाहेर पडलो तशी परत हळदीची झाली.

रात्रभर जागून मी फाईल लावली होती. जन्माचं डिस्चार्ज कार्ड, तिन्ही रिपोर्ट तारखेप्रमाणे, लसीचं कार्ड, कालनिर्णयाच्या पानांचे फोटो, दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, औषधांच्या बाटल्या. एका कागदावर तीनच प्रश्न. डायरेक्ट का वाढलंय? शी पांढरी का? पंधरा दिवस थांबलो तर काय होईल? हा तिसरा मैत्रिणीनं सांगितला होता. ती म्हणाली, "हा प्रश्न नक्की विचार. थांबलो तर काय होईल, याला डॉक्टरला उत्तर द्यावंच लागतं."

पुण्यातल्या मॅडम माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी फाईल घेतली आणि बाजूला ठेवली. "आधी बाळ." तिला तपासून झाल्यावर विचारलं, "डायपर आहे का, शी केलेलं?" मी पिशवीतून काढलं. त्यांनी ते हातात घेतलं, हातमोजासुद्धा न घालता, खुर्चीवरून उठल्या आणि खिडकीपाशी गेल्या. पडदा सारला. "ट्यूबलाइटमध्ये रंग फसवतो," म्हणाल्या. तिथं उभ्या राहून त्यांनी ते डायपर इकडून तिकडून बघितलं, आपण मंडईत आंबा बघतो तसं. चाळीस दिवसांत पहिल्यांदा कुण्या डॉक्टरनं माझ्या लेकीची शी बघितली. मला रडू फुटलं. कशामुळे, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

मग त्यांनी लेटरहेडच्या पाठीमागे चित्र काढलं. एक त्रिकोण, ते लिव्हर. त्यातून खाली येणारी नळी. खाली वेटोळं, ते आतडं. "लिव्हर पित्त तयार करतं. ते या नळीतून आतड्यात उतरतं. शीला जो पिवळा रंग असतो तो पित्ताचा. पित्त खाली उतरलंच नाही तर शी पांढरी. मग ते जाणार कुठं? रक्तात. म्हणून डोळे पिवळे, लघवी गडद, लंगोटावर डाग." नळीवर त्यांनी पेनानं आडवी रेघ मारली. "डायरेक्ट बिलिरुबिन म्हणजे लिव्हरनं आपलं काम करून बाहेर सोडलेलं. ते रक्तात सापडतंय याचा अर्थ वाट कुठंतरी अडलीय. आईच्या दुधाच्या कावीळीत डायरेक्ट वाढत नाही."

मग माझे तिन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. पहिल्यात टोटल १४.२, डायरेक्ट ०.९. दुसऱ्यात डायरेक्ट केलेलंच नाही. तिसऱ्यात टोटल ९.६, पण त्यातलं ६.१ डायरेक्ट. "साधी कावीळ उतरत होती आणि तिच्या आडून दुसरी चढत होती. बेरीज कमी होत गेली, म्हणून सगळे निवांत." चौदा दिवसांनंतरही बाळ पिवळं असेल तर टोटलबरोबर डायरेक्ट बघायचंच, आणि ते एकच्या वर असेल तर थांबायचं नाही, असं त्यांनी सांगितलं.

तिसरा प्रश्न मी विचारला. त्या म्हणाल्या, "पित्ताची नळी जन्मतः किंवा जन्मानंतर लगेच बंद होण्याचा एक आजार आहे, बिलिअरी अ‍ॅट्रेशिया. तोच आहे असं मी आज म्हणत नाही. पण असेल तर ऑपरेशन साठ दिवसांच्या आत झालेलं बरं. साठ ही काही भिंत नाही, एकसष्टाव्या दिवशी दार बंद होतं असं नाही. पण रोज लिव्हर थोडं थोडं कडक होत जातं. तुमच्याकडे थांबायला दिवस नाहीत."

अण्णा तोवर भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी एकच विचारलं, "आमच्या डॉक्टरांचं चुकलं का?" मॅडम म्हणाल्या, "काका, मी दिवसभर हेच आजार बघते. त्यांच्याकडे दिवसाला सत्तर मुलं येतात, त्यात असं बाळ कित्येक वर्षांत एखादं. आपण पुढचं बघू."

पुढचं सगळं वेगानं झालं. रक्त काढलं. जीजीटी, म्हणजे पित्ताची वाट अडली की रक्तात वाढणारं लिव्हरचं एन्झाइम, ६४० आलं, रक्त गोठायला उशीर होत होता म्हणून व्हिटॅमिन केचं इंजेक्शन. थायरॉइड, लघवीतली साखर, डोळ्यांची तपासणी, म्हणजे असे दिसणारे इतर आजार नाहीत ना हे बघायला. सोनोग्राफी चव्वेचाळिसाव्या दिवशी सकाळी, आणि त्याआधी चार तास बाळ उपाशी. पित्ताशय भरलेलं असेल तरच नीट दिसतं, दूध पाजलं की ते रिकामं होतं. ते चार तास मी विसरणार नाही. ती माझ्या वासानं आणखी रडायची म्हणून मला खोलीबाहेर बसवलं. आत तिचा आवाज, बाहेर माझा कुडता छातीवर ओला. नवरा तिला घेऊन कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत होता आणि दर फेरीला माझ्याकडे न बघता पुढे जात होता. सोनोग्राफीत पित्ताशय जवळपास दिसलंच नाही. एक बारीक रेघ.

पित्त आतड्यात उतरतंय का हे दाखवणारं हिडा नावाचं एक स्कॅन असतं. त्याच्या आधी पाच दिवस बाळाला एक औषध द्यावं लागतं. मॅडमनी ते वगळलं. "पाच दिवस औषधात घालवण्यापेक्षा थेट बायॉप्सी करू." शेहेचाळिसाव्या दिवशी लिव्हरमध्ये सुई घालून तुकडा काढला, एकोणपन्नासाव्या दिवशी रिपोर्ट आला. नळी बंद असल्याची खूण, आणि लिव्हर कडक व्हायला सुरुवात झालेली.

मधल्या दिवसांत गणपती आले. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत मंडळ होतं. ढोल सुरू झाला की वॉर्डातली सगळी बाळं दचकायची, फक्त शेजारच्या खाटेवरचा एक मुलगा टाळ्या वाजवायचा.

ऑपरेशनचं नाव ऐकून आमच्याकडे जे झालं ते सांगायलाच हवं. सर्जन म्हणाले, "कसाई करावं लागेल." नवऱ्यानं फोनवर आईला तसंच सांगितलं. सासूबाईंनी फोन टाकला. तासाभरानं सासऱ्यांचा फोन. "असलं कुठलं हॉस्पिटल आहे? पोरीला तिथनं काढा." मग समजावलं, की मोरिओ कसाई नावाचे जपानी सर्जन होते, सेंदाई शहरातले, १९५९ मध्ये त्यांनी हे ऑपरेशन जगापुढे मांडलं, त्याआधी यातल्या बहुतेक बाळांसाठी काहीच करता येत नव्हतं. सासूबाईंना ते पटलं, पण शब्द काही तोंडी आला नाही. आजही त्या "ते जपानी ऑपरेशन" म्हणतात. सर्जनना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "दरवेळी होतं हे. मी सवयीनं बोलून जातो."

एक्कावन्नाव्या दिवशी सकाळी साडेसातला तिला आत नेलं. आधी पित्ताशयात रंग सोडून फोटो काढणार होते. रंग आतड्यात उतरला तर टाके घालून परत, नाही उतरला तर पुढचं. तासाभरात बाहेर आली तर आनंद, असं आम्हाला सांगितलं होतं. साडेआठ वाजले. नऊ. अण्णा घड्याळ काढून खिशात ठेवते झाले. पाच तास लागले. बंद नळ्या काढून आतड्याचा एक भाग वर नेऊन थेट लिव्हरच्या तळाला जोडला.

पैशांचं थोडक्यात सांगते. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये बाळाचं नाव घालायचं राहिलं होतं. नगरपालिकेतून जन्माचा दाखला भावानं त्याच दिवशी काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, कंपनीच्या एचआरनं रात्री नाव चढवलं. बाळ झालं की पहिल्या आठवड्यात हे काम उरकून टाका. बाकीचे अण्णांच्या ठेवीतून. आमच्याच पतसंस्थेतली ठेव, मोडायचा फॉर्म माझ्याच सहकाऱ्यानं भरला.

ऑपरेशननंतर आम्ही सहा जण फक्त एका गोष्टीची वाट बघत होतो, आणि ती गोष्ट होती शी. सर्जन राउंडला आले की पहिला प्रश्न तोच. पाचव्या दिवशी पहाटे सिस्टरनं मला उठवलं. डायपर उघडून धरलेलं. हिरवं. गर्द, शेवाळासारखं हिरवं. मी नवऱ्याला उठवलं, त्यानं फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. सकाळी सहाला. गौरी-विसर्जनाच्या फोटोंच्या खालोखाल आमच्या ग्रुपवर तो फोटो आहे आणि त्याखाली सतरा जणांनी हात जोडलेत.

तिथे एका सिस्टरनं सांगितलं की तैवानमध्ये बाळाच्या आरोग्यपुस्तिकेतच शीच्या रंगांचं कार्ड असतं, २००४ पासून देशभर. जपानमध्येही आहे. आई घरी लंगोटाशेजारी कार्ड धरते आणि रंग पांढुरक्या बाजूचा असेल तर फोन करते. कागदाचा एक तुकडा. आमच्याकडे त्या कार्डाच्या जागी मावशी होत्या, आणि त्यांना आम्ही गप्प बसवलं होतं.

चिमी तीन महिन्यांची झाल्यावर लसीच्या निमित्तानं मी पहिल्या डॉक्टरांकडे गेले. अण्णा म्हणाले जाऊ नको, मी म्हटलं जाणार. भांडायचं मनात ठरवून गेले होते, वाक्यंही जुळवली होती. त्यांनी फाईल मागितली. बाहेर गर्दी असूनही पहिल्या पानापासून वाचायला लागले. बायॉप्सीच्या रिपोर्टवर बराच वेळ थांबले. मग चौतिसाव्या दिवसाचा रिपोर्ट त्यांनी हातात घेतला आणि त्या ठळक ओळीवरून अंगठा फिरवला. "हे मी वाचलं होतं," म्हणाले. एवढंच. माझी वाक्यं घशातच राहिली. त्यांनी फाईलची झेरॉक्स मागितली, मी दिली. त्यांना माफ केलं का, असं नणंदेनं विचारलं होतं. मला माहीत नाही. चिमीला ताप आला आणि आम्ही माहेरी असलो, तर आजही आधी त्यांनाच फोन करते. ते पहिल्या रिंगला उचलतात आणि म्हणतात, "पुण्याला निघा, मी मॅडमशी बोलतो."

ताप म्हणजे आमच्याकडे साधी गोष्ट नाही. जोडलेल्या आतड्यातून लिव्हरला जंतुसंसर्ग होऊ शकतो. पहिल्या वर्षात दोनदा तसं झालं, दोन्ही वेळा दहा-बारा दिवस सलाईनमधून औषधं. डायरेक्ट बिलिरुबिन एकच्या खाली यायला पाच महिने लागले. ऑपरेशन म्हणजे सुटका नव्हे, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. यातल्या बऱ्याच मुलांना पुढे कधीतरी लिव्हर बदलावं लागतं. कुणाला वर्षात, कुणाला पंधराव्या वर्षी. नवऱ्याचा रक्तगट जुळतो. त्यानं त्या दिवसापासून दारू सोडलीय, कधीमधीची होती तीही. या विषयावर आम्ही बोलत नाही.

आता चिमी बालवाडीत जाते. प्लीहा थोडी मोठी आहे, म्हणून तिला धक्काबुक्कीच्या खेळात घेऊ नका असं बाईंना लिहून दिलंय, आणि ती रोज त्यात असतेच. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, त्याआधी चार तास उपास. मागच्या मंगळवारी चाकणहून निघालो तर मोशीपासूनच तिनं विचारायला सुरुवात केली, "पोटाचा फोटो झाला का?" भोसरीला गाड्या तुंबल्या होत्या. माझ्या पर्समध्ये पार्ले-जीचा पुडा होता. तिनं तो काढून घेतला, मांडीवर ठेवला आणि नाशिक फाट्यापर्यंत दोन्ही हातांनी धरून बसली.